महिनाभर टांगलेलं वावर

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. वर्ध्याच्या कलादालनात मला नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "चित्रं बोलत नाईत ते बरं हाय. नाईतर दोन दिवसांत भांडून घरी आली असती तू." आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आईचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. चित्रांशी मी भांडले नाही, माणसांशी भांडले, आणि तरी तिथं पुष्कळ वर्षं सुखानं टिकले.

कलादालन हे नाव मोठं होतं. वाचनालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक पडवी आणि वर माळा, एवढाच पसारा. लोक पडवीत उभे राहून मलाच विचारायचे, "कलादालन कुठसं हाय?" मी म्हणायचे, "चपला काढा, आतच हाय." माझं पद नोंदणी कारकुनाचं. म्हणजे चित्र आलं की नोंदवहीत लिहायचं, भिंतीला लावायचं, मागून वाळवी लागली का पाहायचं, कडुनिंबाचा पाला बदलायचा आणि पाहुणे आले की चहा सांगायचा. आमचे चिटणीस कॉलेजातून निवृत्त झालेले, त्यांना आम्ही सर म्हणायचो. एक शिपाईकाका होते. बाकी गावातल्या चार जणांची समिती, त्यात एक कापड दुकानवाले शेठजी.

सरांचा एकच हट्ट होता. आपला संग्रह आजचा पाहिजे, जिवंत माणसांचा, आणि याच जिल्ह्यातल्या. मोठ्या शहरातल्या मोठ्या नावांची चित्रं आपल्याला परवडणारही नाहीत आणि आपल्या दोन खोल्यांत ती अवघडून जातील, असं ते म्हणायचे. आता आजचं चित्र चांगलं की वाईट हे ठरवायचं कुणी? समितीत चित्रातलं कळणारं कुणी नव्हतं, मला तर मुळीच कळत नव्हतं. म्हणून सरांनी एक पद्धत पाडली. आलेलं चित्र लगेच घ्यायचं नाही आणि लगेच परतही करायचं नाही. दाराच्या समोरच्या भिंतीवर महिनाभर टांगायचं. त्याच्यासमोर चहा प्यायचा, डबा खायचा, भांडायचं. महिना संपला की सर, समितीचे चौघं, काका आणि मी, अशा सात जणांनी बसून हात वर करायचे. ज्याच्या बाजूनं जास्त हात, ते राहील.

काकांचा हात आपल्या हाताइतकाच मोजला जातो हे शेठजींना दोन वर्षं पटलं नव्हतं. मग आर्वीच्या एका चित्रकाराचा घोडा आला. पहिल्या दिवशी सगळे खूश. काका तेवढे म्हणाले, "हा घोडा पंधरा दिवसांत डोक्यात जाईन." तिसऱ्या आठवड्यात शेठजी स्वतःच घोड्याकडे पाठ करून बसायला लागले. घोडा आर्वीला परत गेला आणि त्यानंतर शेठजींनी काकांच्या हाताबद्दल तोंड उघडलं नाही.

एका उन्हाळ्यात, एप्रिल सरताना, नाचणगावचे मास्तर आले. तिकडच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, उंच, वाळलेले, धोतराला रंगाचे जुने डाग. चित्र पुलगावपर्यंत बैलगाडीतून आणि पुढं एसटीच्या टपावर, सतरंजीत गुंडाळून. काका आणि कंडक्टर दोघांनी मिळून ते उतरवलं. मास्तरांनी पाणी प्यायच्या आधी सतरंजी सोडली.

मी पाहिलं आणि मनात म्हटलं, अरे देवा. दाराएवढा कॅनव्हास. खाली मातकट पिवळा पट्टा, वर पांढरट पट्टा, मध्ये कुठंतरी करडं धुरकट काहीतरी. संपलं. माणूस नाही, झाड नाही, बैल नाही.

"काय हाय मास्तर हे?" मी विचारलं.

"पऱ्हाटी उपटून झालेलं वावर," ते म्हणाले. "दुपारचं." म्हणजे कापसाची वाळकी झाडं काढल्यावर उरतं ते मोकळं शेत.

मग पडवीत बसून त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. तीस-बत्तीस वर्षं हातात ब्रश होता. काय काढलं? स्नेहसंमेलनाचे पडदे, गणपतीच्या मागचे देखावे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे. पडदे लोकांनी गव्हाच्या पोत्यांवर झाकायला नेले, देखाव्यांना उंदीर लागले, नकाशांवर चुना फिरला. स्वतःसाठी काढलेलं हे एकच. रंग मिळेल तसा थोडा थोडा आणून सहा वर्षं काढलेलं. आणि आता डोळ्याला काचबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सगळंच जाईल.

"आता दुसरं होत नाई माह्याच्यानं," मास्तर म्हणाले. "घरी पोरगा म्हणते, ठेवाले जागा नाई. इथं राह्यलं त राह्यलं, बाई. नाईतर मी काई केलंच नाई असं होईन."

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून मी हात वर करणाऱ्यातली नव्हते. चित्र टांगलं आणि काकांना सांगून टाकलं, "माझा हात खालीच राहणार."

काका म्हणाले, "महिना त होऊ द्या. एवढी काऊन घाई?"

तो महिना वैशाखाचा. वर्ध्याचा वैशाख काय असतो हे मी सांगायला नको. दुपारी चिटपाखरू यायचं नाही. मी आणि ते वावर समोरासमोर. पहिला आठवडा मला त्याचा रागच आला. आधीच बाहेर ऊन, त्यात आत आणखी ऊन. दुसऱ्या आठवड्यात पाहिलं तर काकांनी आपलं स्टूल दारातून उचलून चित्रासमोर आणलेलं. विचारलं तर म्हणाले, "इथं बसलं का जीवाले आराम वाटते."

तिसऱ्या आठवड्यात माझं मलाच आठवलं. आमच्या वावरात पऱ्हाट्या उपटून झाल्या की आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहायची. काम संपलेलं असायचं, घरी जायचं असायचं, तरी ती जात नसे. मोकळ्या मातीकडे पाहत नुसती उभी. मी लहान होते, तिचा पदर ओढायचे आणि ती म्हणायची, "थांब वं जराशी." तिला तिथं काय दिसत होतं ते मला त्या भिंतीसमोर कळलं. वर्षाचं काम हातावेगळं झाल्याचं सुख होतं ते. मास्तरांनी तेच काढलं होतं. मी डबा उघडा ठेवून रडले, आणि काका आले तेव्हा डोळ्यात मिरची गेल्याचं सांगितलं.

महिन्याच्या शेवटी सहा हात वर गेले. शेठजींचा तेवढा खाली. "याच्यात हाय काय? वावर त मी दुकानात जाता जाता फुकट पाह्यतो." पण सहा म्हणजे सहा. मी नोंदवही काढली, चित्र लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात, जिथं स्थिती लिहायची असते, तिथं नेहमीसारखं लिहिलं, उत्तम. मास्तरांना पोस्टकार्ड टाकलं. ते पुढच्या रविवारी पेढे घेऊन आले आणि चित्रासमोर स्टुलावर बसून दोन कप चहा प्यायले. मग तो नेमच झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर यायचे, बसायचे, चहा घ्यायचे, चारच्या एसटीनं जायचे. चित्रासाठी मी भांडून दाराजवळची चांगली भिंत मिळवली होती, याचाही मला तोरा होता.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

दोन वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर खोल्यांना चुना द्यायचं ठरलं. सगळी चित्रं उतरवून माळ्यावर न्यायची. आमच्याकडे चित्रं गुंडाळायला जुनी लुगडी, धोतरं असायची आणि मध्ये रद्दी. तसंच मी सगळं बांधलं. पण मास्तरांचं चित्र बांधताना मला ती लुगडी खरबरीत वाटायला लागली. जाड रंग, कोपऱ्याला टवका उडाला तर? माझं लाडकं झालेलं चित्र ते. आमच्या वावरात नुकतीच सीतादही झाली होती. कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तो पहिला कापूस शकुनाचा मानतात. मी वडिलांकडून त्याच कापसाची दोन ओझी आणली. पांढराशुभ्र, मऊ. पुढून-मागून कापूस लावला, वरून चादर शिवली. काका म्हणाले, "बाई, लेकीले सासरी धाडून राह्यल्या काय?" मी म्हटलं, "तसंच समजा."

शेतकऱ्याची पोर मी. घरात कापूस भरला की अंगाला खाज सुटते, सरकीतून अळ्या निघतात, तांबडे किडे भिंतीवर चढतात, हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक. पण पहिल्या वेच्याचा कापूस देवाला दाखवलेला, त्याला कीड नसते, असं घरात सगळेच मानायचे आणि मीही मानत होते. त्यात त्या वर्षी दसऱ्याला पाऊस येऊन गेला होता. कापूस हाताला कोरडा लागला, आतली सरकी ओली होती.

चुन्याचं काम आठ दिवसांचं. गवंडी दिवाळीला गावी गेला तो पाच आठवड्यांनी उगवला. तोवर सगळं माळ्यावर, पत्र्याखाली. मास्तरांना मी कळवलं होतं, तो महिना येऊ नका.

चादर मी उसवली. आधी वास आला, गुरांना घालतात त्या सरकीच्या ओल्या ढेपेसारखा. मग कापूस उचलला तर खाली किडे, काही मेलेले, काही चालणारे. वरच्या पांढऱ्या पट्ट्यावर तांबूस-तपकिरी डाग, शंभरेक तरी. सरकीचं तेल उतरून पिवळ्या पट्ट्यात हाताएवढे काळसर ओघळ. लुगड्यांत बांधलेली बाकीची चित्रं ठणठणीत होती. ज्याचा लाड केला त्याचीच वाट लावली मी. तिथंच माळ्यावर बसले.

ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर डाग आणखी पसरले, तेव्हा हात आवरला. आणि आमच्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर सरांच्या अक्षरात नियम होता. खराब झालेलं चित्र संग्रहातून खारीज करावं. नियमाला कारण होतं. एकदा वाळवीचं एक चित्र दयेपोटी ठेवलं आणि त्यानं शेजारची तीन खाल्ली. खारीज म्हणजे नोंदीवर तांबडी रेघ आणि चित्र मालकाच्या घरी. मास्तरांच्या घरी त्याला जागा नव्हती.

सरांनी चित्र पाहिलं. दोन दिवसांनी मास्तरांचं कार्ड आलं, रविवारी येतो. सर म्हणाले, "त्यांना आता फारसं दिसत नाही, बाई. लावा भिंतीवर. येतील, बसतील, समाधानानं जातील. खारीज करायचं ते त्यांच्या पश्चात सावकाश करू, त्यांना कळायचं कारण नाही." सर वाईट माणूस नव्हते. म्हाताऱ्याला दुखवू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला, कारण ऐकताक्षणी मलाही ते बरंच वाटलं होतं.

रविवारी मास्तर आले. दाराची चौकट चाचपून आत आले, स्टुलावर बसले. मी चहा दिला. सर खुर्चीतून मला नजरेनं सांगत होते, गप्प राहा. मास्तरांनी चित्राकडे तोंड केलं, मान थोडी तिरपी करून, उरल्या नजरेनं. चेहऱ्यावर काही दिसेना. कप संपला. ते उठले, छत्री घेतली. म्हणजे त्यांना दिसलं नव्हतं. मी सुटले होते.

"मास्तर," मी म्हटलं, "बसा. चित्र खराब झालं. मी केलं."

आणि सगळं सांगितलं. पहिला वेचा, चादर, किडे, ओघळ, पुसायला गेले तेही. रडायचं नाही ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

मास्तर परत बसले. "मले दारातच सरकीचा वास आला," ते म्हणाले. "म्हटलं इथं कापसाची गाडी खाली झाली का काय. अन् जवळ आलो त वास माह्याच चित्राले. दोन वर्षं इथं येऊन राह्यलो, असा वास कधी नोता. तू सांगते का नाई, एवढंच पाहून राह्यलो होतो."

मग म्हणाले, "दाखव कुठं कुठं हाय." मी त्यांचं बोट धरून एकेका डागावर टेकवलं. ते मोजत नव्हते, नुसते फिरवून घेत होते. ओघळाशी थांबले. "हे खाली उतरलं का? मातीत?" मी हो म्हटलं. "उतरू दे," ते म्हणाले. पण बोट त्यांनी धोतराला पुसलं, आणि ते दुखावले होते हे मला स्पष्ट कळलं. निघताना त्यांनी सरांना विचारलं, "आता खारीज?"

सरांनी नोंदवही पुढं ओढली. तेव्हा काका दारातून बोलले. बैठकीशिवाय सरांसमोर काका कधी बोलत नसत. "साहेब, नवं चित्र आलं का आपण काय करतो? महिना टांगतो. हेबी आता नवंच झालं."

आणि तसंच केलं. किडे एकेक वेचले, चित्र उन्हात मागून वाळवलं, पुन्हा दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगलं. तो महिना मला वर्षासारखा गेला. आणखी डाग उठतात का हे मी रोज सकाळी नाक लावून पाहायचे. उठले नाहीत. मास्तर त्या महिन्यात चारही रविवार आले, आणि शेवटच्या रविवारी बैठक असल्याचं माहीत असून पडवीत बसून राहिले.

पहिला हात कुणाचा वर गेला असेल? शेठजींचा. "आता कुठं वावर वाटते हे," ते म्हणाले. "पहिले लय धुतलेलं वाटे." पडवीतून मास्तरांच्या हसण्याचा आवाज आला. काकांचा हात, सरांचा हात, समितीतल्या बाकीच्यांचे हात. माझाच वर जाईना. ज्यानं नासवलं त्यानं मत कसं द्यायचं? मास्तरांना पडवीतून कसं कळलं कोण जाणे. दाराशी येऊन म्हणाले, "बाईचा हात झाला का? कर वं. तुह्या वावरातले किडे हायत. त्यायची बाजू दुसरं कोन घेईन?"

मी हात वर केला. मग नोंदवहीत 'उत्तम' वर रेघ मारली आणि लिहिलं: कापसातील किड्यांचे व सरकीच्या तेलाचे डाग. कापूस नोंदणी कारकुनाच्या वावरातला. खाली सही केली. सरांनी आपला नियम खोडून नवा लिहिला, खराब झालेलं चित्र पुन्हा महिनाभर टांगावं. पुढं त्या नियमानं आमची आणखी दोन चित्रं वाचली. कापूस मात्र परत कधी कलादालनात शिरला नाही, म्हणजे उघडपणे.

आता ते सांगते. पाचेक वर्षांनी, गावात घरोघरी टीव्हीचे अँटेना दिसू लागले त्या सुमारास, मास्तरांची नजर पूर्ण गेली. तरी नेम सुटला नाही. नातू एसटीत बसवून द्यायचा, काका स्टँडवरून घेऊन यायचे. पण दारातून पुढं मास्तर कुणाचा हात धरत नसत. काठी काकांकडे देऊन एकटे आत जायचे. नाक थोडं वर, पाच पावलं सरळ, दोन डावीकडे, आणि बरोबर आपल्या चित्रासमोर. पाहुणे असले तर ते थक्क व्हायचे आणि मास्तरांना ते फार आवडायचं.

मग एका रविवारी ते आत गेले आणि मधेच थांबले. इकडं वळले, तिकडं वळले. आर्वीच्या कुणाच्या तरी तळ्याच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले, हात पुढं केला, चौकट चाचपली आणि मागं घेतला. इतकी वर्षं ज्याच्या मागानं ते जात होते तो चित्राचा सरकीचा वास उडून गेला होता. मी जाऊन त्यांना हाताला धरून नेलं. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

पुढच्या महिन्यात शनिवारी मी घरी मूठभर सरकी तव्यावर भाजली. भाजली की तिच्यात जीव राहत नाही, कीड निघत नाही, आणि वास दुप्पट येतो. फडक्यात घट्ट बांधली आणि रविवारी सकाळी चित्राच्या मागं, कॅनव्हासला लागणार नाही अशी, खिळ्याला अडकवली. काकांनी पाहिलं आणि स्टूल पुसायला लागले. सोमवारी पुडी काढली. पुढं दर महिन्याला असंच. नोंदवहीत मी शाईचा टाकसुद्धा लिहीत असे, ही पुडी कधी लिहिली नाही.

त्या पहिल्या रविवारी मास्तर चौकटीशी येऊन थांबले. मी पडवीत, हातात कपबशी. त्यांनी नाक वर केलं. काठी काकांकडे दिली. पाच पावलं सरळ, दोन डावीकडे. हात पुढं करून चौकट धरली आणि मग तळवा हळूच खालच्या मातीवर ठेवला, ओघळ होते तिथं.

"हे माह्यं," मास्तर म्हणाले.